पहिलाच गड? लोहगड घ्या

धाकटी सात वर्षांची, सोबत आजी, आणि पहिल्याच खेपेला तुम्ही हरिश्चंद्रगडासारख्या लांब, अवघड चढाईच्या गडाचं विचारताय! थोडं थांबा. आधी लोणावळ्याजवळचा लोहगड करा. गाडी लोहगडवाडीपर्यंत जाते, पुढे वरपर्यंत बांधीव पायऱ्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओळीने लागतात. प्रत्येक दरवाज्यात सावली मिळते, तिथे खुशाल टेकायचं. आजींना नाहीच जमलं, तर त्या खाली वाडीत पिठलं-भाकरी सांगून बसतील.

नवखे लोक चुकतात ते मुख्यतः दिवस निवडताना. जुलै-ऑगस्टच्या रविवारी जातात आणि पायऱ्यांवर रांगेत भिजत उभे राहतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बघा, शक्यतो आठवड्यातला मधला वार, आणि सकाळी आठच्या आत पायथ्याला.

बाकी तीनच गोष्टी:
- नवेकोरे बूट थेट गडावर नकोत. आधी आठवडाभर बाजारहाटाला वापरा.
- पाणी माणशी दोन लिटर.
- पोरांच्या पाठीवर एक बाटली आणि राजगिऱ्याचे लाडू, बस्स. जास्त दिलंत तर अर्ध्या वाटेत ते तुमच्याच खांद्यावर येतं.

विंचूकाटा म्हणजे गडाची विंचवाच्या नांगीसारखी लांब सोंड. तिकडे जाताना छोटा कातळटप्पा उतरावा लागतो. धाकटी कुरकुरत असेल किंवा दगड ओला असेल तर वरूनच बघा, तिथूनही झकास दिसतो.

तंबू, मुक्काम, दोर वगैरे एवढ्यात डोक्यात घेऊ नका. मळवली स्टेशनहून भाजे लेणी बघत चालत चढायचं, तेही पुढच्या खेपेला.