ओपनटीटीडी तीन वेगवेगळ्या लॅपटॉपवर सोर्सवरून कसा बिल्ड करायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: आम्ही तिघे मित्र, एकाकडे उबुंटू, एकाकडे विंडोज, एकाकडे मॅक. तयार इन्स्टॉलर न घेता ओपनटीटीडी हा रेल्वे-बस चालवायचा मोकळा गेम सोर्सवरून, म्हणजे त्याच्या मूळ कोडवरून, स्वतः कंपाइल (बिल्ड) करून एकमेकांशी खेळायचंय, तर सुरुवात कुठून करू?

मी नागपूरचा. इथल्या डायमंड क्रॉसिंगसारखी रुळांची फुली गेममध्ये मांडायची, या नादापायी मी हा गेम तिन्ही सिस्टिमवर बिल्ड केलाय. त्यामुळे जे स्वतः करून पाहिलं तेवढंच सांगतो.

आधी एक गोष्ट तिघांनी मिळून ठरवा: कोणती आवृत्ती? समजा १४.१. मग तिघांनीही गिटनेच (कोडचा इतिहास सांभाळणारं साधन) क्लोन करा, म्हणजे कोडची पूर्ण प्रत उतरवा, आणि त्या आवृत्तीचा टॅग चेकआउट करा. सर्व्हरची आणि खेळणाऱ्याची आवृत्ती जुळली नाही तर ओपनटीटीडी आत घेत नाही. गिटहबवरून सोर्सचं झिप उतरवलं तर गिटचा इतिहास सोबत येत नाही, आणि मग आपली आवृत्ती कोणती हे त्या बिल्डला ठरवताच येत नाही. क्लोनला दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

कोड तिन्हीकडे तोच, सी++ मधला, आणि बिल्डची तयारी करायचा कारभार सीमेक या साधनाकडे. अलीकडच्या आवृत्त्यांना सी++२० येणारा कंपायलर लागतो, म्हणजे फार जुना उबुंटू असेल तर तो आधी अपग्रेड करा. खरा फरक आहे तो लायब्ररी, म्हणजे गेम वापरतो ते इतरांचे तयार कोड, कुठून आणायच्या याचा.

उबुंटूवर त्या ॲप्टने, म्हणजे त्याच्या पॅकेज उतरवणाऱ्या कमांडने, येतात. पण नुसती लायब्ररी असून भागत नाही, नावामागे ‘डेव्ह’ असं शेपूट असलेलं पॅकेज हवं, कारण कंपाइल करताना लागणाऱ्या हेडर फाइल्स त्यात असतात. झीलिब, एलझेडएमए, पीएनजी, एसडीएल२, फ्रीटाइप, फॉन्टकॉन्फिग, हार्फबझ, आयसीयू आणि कर्ल, या सगळ्यांची डेव्ह पॅकेजं घ्या. आता इथे नीट लक्ष द्या. एसडीएल२ नसेल तर सीमेक तिथेच थांबतं, त्यामुळे ते तुम्हाला कळेलच. हार्फबझ किंवा आयसीयू नसेल तर मात्र ‘सापडलं नाही’ अशी एक ओळ छापून सीमेक पुढे जातं. बिल्ड पूर्ण होतो, गेम उघडतो, गाड्या धावतात.

मला हे कळलं ते स्टेशनांची नावं मराठीत टाकली तेव्हा. ‘कामठी’ बरोबर दिसलं, ‘रामटेक’ बरोबर दिसलं. ‘वर्धा’ लिहिलं तर रफार धा वर चढेचना, र आपला पाय मोडून वेगळा उभा. ‘हिंगणघाट’मधली पहिली वेलांटी ह च्या आधी यायची ती नंतर आली. मी फॉन्टला दोष देत दोन संध्याकाळी फॉन्ट बदलत बसलो. फॉन्टचा काही संबंध नव्हता. देवनागरीत अक्षरं जोडणं आणि मात्रा जागेवर बसवणं हे काम लिनक्सवर हार्फबझ आणि आयसीयू मिळून करतात, आणि माझ्या बिल्डमध्ये ते दोघेही नव्हते. विंडोज आणि मॅकवर गेम हे काम सिस्टिमकडूनच करून घेतो, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

तेव्हापासून मेक (सीमेकच्या तयारीनंतर प्रत्यक्ष कंपाइल करणारी कमांड) चालवण्याआधी सीमेकचं सगळं आउटपुट मी वरून खालपर्यंत वाचतो. एलझेडएमएचंही असंच. ते नसताना बिल्ड होऊन जातो, पण मित्राने पाठवलेला सेव्हगेम उघडत नाही, कारण सेव्ह साधारणपणे त्याच पद्धतीने दाबलेले असतात. एखादी लायब्ररी नंतर टाकलीत तर बिल्डचं फोल्डर सरळ उडवा आणि सीमेक पुन्हा पहिल्यापासून चालवा. काही जुनी उत्तरं ते कॅशमध्ये धरून ठेवतं.

फॉन्टचंही एक काम उरतंच. गेमच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून सेटिंगच्या सीएफजी फाइलमध्ये लहान, मध्यम, मोठा या तिन्ही ओळींत मुक्तासारखा फॉन्ट द्या. त्यात रोमन आणि देवनागरी दोन्ही आहेत.

आणखी एक. काही न सांगता सीमेक चालवलं तर डीबग बिल्ड (चुका शोधण्यासाठीचा, संथ) बनतो आणि मोठ्या नकाशावर तो रडतो. खेळायचं असेल तर बिल्ड टाइप ‘रेलविथडेबइन्फो’ द्या. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एका वेळी दोनच जॉब (एकदम कंपाइल होणाऱ्या फाइल्स) लावा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर पहाटेच बसा, दुपारी कूलरसमोर ठेवूनही लॅपटॉप तापतो. मध्येच लाइट जाऊन मशीन बंद पडलं तर घाबरू नका, मेक पुन्हा चालवा, झालेल्या फाइल्स सोडून ते पुढचं उचलतं.

विंडोजवाल्या मित्राने व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ ची कम्युनिटी आवृत्ती घ्यावी, त्यात सी++ डेस्कटॉपचा भाग टिकमार्क करावा, आणि लायब्ररींसाठी व्हीसीपॅकेज (vcpkg) हे साधन. व्हीसीपॅकेज लायब्ररी सोर्सवरूनच बांधतं, त्यामुळे पहिल्या वेळी बराच वेळ आणि काही जीबी जागा जाते. ६४ बिट विंडोजचा स्टॅटिक ट्रिपलेट (लायब्ररी कोणत्या सिस्टिमसाठी, कशी बांधायची ते सांगणारं नाव) निवडा. व्हीसीपॅकेजची टूलचेन फाइल (त्याच्या लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारी) सीमेकला पहिल्याच वेळी द्यावी लागते. विसरलात तर नंतर देऊन उपयोग नाही, पुन्हा बिल्ड फोल्डर उडवणं आलं. एसडीएल इथे लागत नाही.

मॅकचं काम सगळ्यात थोडं. एक्सकोडची कमांड लाइन टूल्स, होमब्रू या मॅकच्या पॅकेज साधनावरून सीमेक, एक्सझेड, पीएनजी आणि एलझेडओ, बस.

बिल्ड झाल्यावर गेम बिल्ड फोल्डरमध्ये जाऊनच चालवा. नुसती एक्झिक्युटेबल उचलून डेस्कटॉपवर ठेवलीत तर भाषेच्या फाइल्स सापडत नाहीत. सोर्समध्ये चित्रं नसतात, म्हणून पहिल्यांदा उघडताना गेम ती उतरवू का असं विचारेल, तेव्हा इंटरनेट चालू ठेवा. त्यातून ओपनजीएफएक्स येतं. २०१० मध्ये १.० आवृत्ती आली तेव्हापासून मूळ ट्रान्सपोर्ट टायकूनच्या फाइल्सवाचून खेळता येतं, ते याच्यासारख्या मोकळ्या संचांमुळे.

तिघे एकाच वायफायवर असाल तर एकाने सर्व्हर सुरू करा. बाकीच्यांना यादीत दिसला नाही, तर सर्व्हर असलेल्या मशीनच्या फायरवॉलमध्ये पोर्ट ३९७९ टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडा, आणि मग पहिल्याच स्टेशनला ‘वर्धा’ नाव देऊन उबुंटूवर रफार बघा.