मुंबईत जुना टाइपरायटर घेऊन दुरुस्त करायचा आहे. कुठे शोधू आणि कोणता घेऊ?

तुम्ही लिहिलंय की यंत्रकामाचा अनुभव नाही, बजेट बेताचं आहे आणि परदेशी पोर्टेबल घ्यावा की देशी, हे ठरत नाहीये. माझं मत विचाराल तर पहिलं मशीन मराठी कळफलकाचंच घ्या, गोदरेज किंवा रेमिंग्टन. इंग्रजी मशीनं जपणारे जगभर आहेत. मराठी मशीनं मात्र आपल्या डोळ्यांदेखत किलोच्या भावाने भंगारात चालली आहेत, आणि त्यांच्यासाठी बाहेरून कुणी धावून येणार नाही.

गोदरेजने 1955 साली पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि 2009 मध्ये उत्पादन थांबवलं. एवढ्या वर्षांचा माल असल्यामुळे सुटे भाग काढायला एखादं मोडकं मशीन अजून मिळतं. सरकारी टायपिंगच्या परीक्षा, जसं मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द, मशीनवर होत्या तोवर गिरगाव, दादर, ठाणे, डोंबिवली सगळीकडे क्लास होते. परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या आणि कित्येक क्लासवाल्यांची मशीनं माळ्यावर गेली. आधी तिथे विचारा. चोर बाजारात मटण स्ट्रीटला मशीन दिसू शकेल, पण तिथला बराचसा माल शोभेसाठी चकाचक केलेला असतो. बाहेरून ताजा काळा रंग आणि आत सगळं जाम. फोर्टात कोर्टांच्या आसपास बसणाऱ्या टायपिस्टांशी बोला. चांगला मेकॅनिक कोण, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

विकत घेण्याआधी कागद घालून टाइप करून बघायचंच. विक्रेता नको म्हणाला तर पुढे चला. मराठी मशीनमध्ये उकार, मात्रा, अनुस्वार मारला की कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, जागची हलत नाही, कारण ती खूण अक्षराच्या वर किंवा खाली बसायची असते. उकाराची की सलग मारून बघा. कॅरेज सरकली तर आत बिघाड आहे. मग काना मारा, आता प्रत्येक ठोक्याला एक घर पुढे गेलीच पाहिजे. काना या मशीनवर सगळ्यात जास्त राबतो. श, भ, थ, ध अशी कितीतरी अक्षरं अर्धं अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांत पुरी होतात, म्हणून त्याचा टाइप, म्हणजे ठसा उमटवणारं धातूचं अक्षर, झिजलाय का हेही पाहा.

यानंतर एक पूर्ण ओळ टाइप करा आणि फक्त शिरोरेषा बघा. इंग्रजीत अक्षर किंचित वरखाली झालं तर सहज खपून जातं, मराठीत शिरोरेषा तुटली की लगेच डोळ्यांत खुपते. शिफ्ट दाबून येणारी सगळी अक्षरं सारखीच वर किंवा खाली येत असतील तर घाबरू नका, शिफ्ट जिथे थांबते ती अडणी स्क्रूने सरळ करता येते. एकच अक्षर वाकडं असेल तर ज्या दांडीच्या टोकाला त्याचा टाइप असतो ती वाकली आहे. ते काम जाणत्या हातांचं, पकड घेऊन स्वतः बसू नका.

साफसफाईत तेलाचा मोह आवरा. टाइपच्या दांड्या ज्या अर्धगोल खाचांमध्ये बसतात तिथे तेल घातलं की पहिला आठवडा मशीन लोण्यासारखं चालतं, मग धूळ चिकटून दांड्या अर्ध्यावर अडकायला लागतात. तिथे टूथब्रशने थोडं व्हाइट पेट्रोल लावा, दांड्या हलवत राहा, मळ काळा होऊन बाहेर येतो. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास गॅस, उदबत्ती काही नको. शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब कॅरेजच्या रुळांवर, बस. रंगावर आणि कंपनीच्या नावावर थिनर लावू नका. जुना रंग उडालेला असला तरी राहू द्या. नवा रंग मारलेलं मशीन मला तरी बघवत नाही.

कॅरेज अजिबात ओढली जात नसेल तर बहुतेक वेळा मागच्या स्प्रिंगच्या डब्यापासून कॅरेजपर्यंत जाणारी दोरी किंवा पट्टी तुटलेली असते. विक्रेता त्याला ‘मशीन गेलं’ म्हणतो आणि भाव पाडतो. तुमचा फायदाच आहे, मासेमारीची जाड नायलॉन दोरी तिथे छान चालते. स्प्रिंगला पीळ देताना मात्र डबा हातातून सुटू देऊ नका, बोटं सोलून निघतात.

रोलरवर नख दाबून बघा. रबर दगडासारखं झालं असेल तर मागे एक जादा कागद लावून टाइप करा, ठसा बरा येतो आणि टाइपही वाचतात. अर्ध्या इंची रिबन ऑनलाइन मिळते. जुने लोखंडी स्पूल टाकू नका, नवी रिबन त्यांवरच गुंडाळा. पावसाळ्यात मशीन प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं तर आत दमट हवा कोंडते आणि गंज धरतो. सुती कापड टाका आणि रोज थोडं टाइप करा.

घरी आणताना कॅरेज मधोमध आणून सुतळीने घट्ट बांधा. ऑफिसचं मोठं मशीन बरंच जड असतं, त्यामुळे लोकलचा विचार सोडा, टॅक्सी करा आणि मशीन सीटवर नको, खाली पायाशी ठेवा.