रोज घासूनही खपल्या का वाढतात?

"मॅडम, आता अजून किती घासू?" असं म्हणत त्यांनी पिशवीतून टाचा घासायची वज्री काढून टेबलावर ठेवली. दातऱ्यांत पांढरा भुगा अडकलेला.

सांगलीत हळदीच्या अडतीवर हे दिवाणजी. (ओळखीच्या खुणा बदलल्यात.) कोपर-गुडघ्यांवर सोरायसिस. वहीवर कोंडा पडतो म्हणून भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा सदरा. अडतीवर चहाचा कपही वेगळा. म्हणून रोज पहाटे कपड्यांचा साबण आणि वज्री. शिवाय कुणीतरी सांगितलं म्हणून जेवणातलं तेल पूर्ण बंद.

'स्वच्छता कमी पडते का?' हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतोच. नाही पडत. खपली म्हणजे मळ नव्हे. त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळायला साधारण चार आठवडे घेते. सोरायसिसमध्ये हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. मूळ बिघाड प्रतिकारशक्तीचा.

पण घासण्यानं भर कशी पडते? वरच्या थरात पेशींच्या मधे सिरॅमाइड नावाचा मेद, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा लेप असतो. "पेवासारखं," दिवाणजीच म्हणाले. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा. "आमच्याकडं ओल आत शिरू द्यायची नाही." इथं ती बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढाच फरक. हा लेप ॲसिटोन या द्रावकानं पुसला की खालच्या पेशींची वाढ जोर धरते, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. दुरुस्तीची घाई! शिवाय सिरॅमाइड पेशीला 'आता वाढ थांबव, पक्व हो' असा इशाराही देतं, आणि सोरायसिसच्या चट्ट्यात नेमकं तेच कमी असतं. उलट पेशीच्या पडद्यातून सुटणारं ॲराकिडॉनिक आम्ल हे मेदाम्ल दाह वाढवणारे पदार्थ तयार करतं. आणि खरवडलेल्या जागी नवा चट्टा उठतो तो वेगळाच.

तेलाचं सांगताना मी १९२९ चा अमेरिकेतल्या बर दांपत्याचा प्रयोग काढला. स्निग्धांश अजिबात न दिलेल्या उंदरांची कातडी खवलेदार झाली. पुढं लिनोलिक आम्ल हे मेदाम्ल दिल्यावर ती सुधारली. करडईच्या तेलात ते भरपूर असतं. दिवाणजी लगेच खुलले, "म्हणजे करडई खाऊन बरं होईल?" नाही हो. ती उणीव होती, तुमचा आजार वेगळा. पण तेल सोडून फायदाही नाही.

वज्री बंद, सौम्य साबण, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच जाडसर मलम, आणि त्वचारोगतज्ज्ञांची औषधं न चुकता, एवढं ठरलं.

दीड महिन्यानं आले तेव्हा सदरा अर्ध्या बाह्यांचा होता. कोपरावर लाली होती, खपली पातळ. वज्री? "बायकोनं परत मोरीत नेली, टाचांना." आणि चहाचा कप? ते गप्प झाले. मग मी अडत्यांचा फोन नंबर मागितला. हा आजार स्पर्शानं पसरत नाही, हे दिवाणजींच्या तोंडून नको, माझ्या तोंडून जाऊ दे म्हटलं.