वेल चढलाय, पण दुधी धरत नाहीये : वाचकांचे प्रश्न, कुंडीतल्या भाजीबद्दल

यावेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त कुंडीतल्या आणि परसातल्या भाजीबद्दलची आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते. सगळ्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली, झाडाला काही झालं की पहिला विचार येतो तो खत घालू का नाहीतर औषध मारू का, आणि झाडाजवळ बसून नीट बघणं मात्र राहून जातं.

प्रश्न : ताई, गॅलरीत दुधीचा वेल लावलाय, जाळीवर छान चढलाय, रोज फुलं येतात आणि दुसऱ्या दिवशी गळतात. मध्ये तीनचार दुधी धरले असं वाटलं पण बोटाएवढे होऊन पिवळे पडले आणि गळाले. खत कमी पडतंय का? आमची गॅलरी सातव्या मजल्यावर आहे.

उत्तर : खत नका घालू, प्लीज. नत्र जास्त झालं तर नुसता पाला वाढेल आणि आहेत ती फुलंपण कमी होतील. आज संध्याकाळी वेलाजवळ बसा आणि फुलांच्या मागची बाजू बघा. ज्या फुलाचा देठ लांब, बारीक आणि साधा आहे ते नर फूल, आणि ज्याच्या मागे लव असलेला इवलासा दुधी आधीपासूनच लटकलेला असतो ते मादी फूल. सुरुवातीचे काही दिवस बहुतेक नर फुलंच येतात, ती एक दिवस फुलून गळणारच, त्यात वेलाचं काही बिघडलेलं नसतं. तुमचे जे पिवळे पडून गळाले ते धरलेले दुधी नव्हतेच हो, परागीकरण न झालेली मादी फुलं होती ती.

आता सातव्या मजल्याचा मुद्दा. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि त्याच्यावर मुख्यतः रात्री उडणारे पतंग येतात, ते इतक्या वर येतीलच असं नाही, म्हणून ते काम तुम्ही करायचं. अंधार पडायच्या सुमाराला नुकतं उमललेलं नर फूल खुडा, पाकळ्या अलगद काढून टाका, मधल्या दांड्यावरची पिवळी पूड बोटाला लागतेय ना बघा आणि तो दांडा मादी फुलाच्या मधल्या भागाला सगळीकडून हलकेच टेकवा. एका नर फुलात दोनतीन मादी फुलं होतात. सकाळी चहा घेताना करू म्हणाल तर उशीर झालेला असतो, फूल तोपर्यंत मिटायला लागतं. दोडक्याचंही संध्याकाळीच, पण काकडी, कारलं आणि लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, त्यांचं सकाळीच उरकायचं. जमलं असेल तर दोनतीन दिवसांत तो छोटा दुधी हिरवागार, तुकतुकीत दिसायला लागतो आणि फुगतो. आणि मादी फुलं फारच कमी येत असतील तर मुख्य वेलाचा शेंडा खुडा, दुधीच्या बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात.

प्रश्न : टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो, वरून टोमॅटो एकदम चांगला. कॅल्शियम कमी असतं असं वाचलं म्हणून दोन महिने अंड्याची टरफलं घालतेय, काही फरक नाही. कुंडी आठ इंची आहे, ऑफिसमुळे रोज पाणी जमत नाही पण शनिवार-रविवारी भरपूर घालते.

उत्तर : तुमचं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, पण अर्धंच. फळाला कॅल्शियम कमी पडतं हे खरं, पण मातीत ते बहुतेक वेळा असतंच, ते पाण्याबरोबर मुळातून वर चढतं आणि पानं पाणी जास्त ओढतात म्हणून पानांना आधी मिळतं, फळाचं बूड राहतं सगळ्यात शेवटी. पाच दिवस माती कोरडी आणि दोन दिवस चिखल असं झालं की ती ने-आण मध्येच तुटते आणि नेमका तिथला भाग मरतो. टरफलं मातीत कुजायला कितीतरी महिने लागतात, म्हणून त्यांचा या टोमॅटोला उपयोग नाही.

हा रोग नाहीये, एका फळाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा फवारणी काही करू नका. आठ इंची कुंडी टोमॅटोला फार लहान पडते, निदान बारा ते पंधरा इंची हवी. हे झाड फळावर आहे म्हणून मुळं न दुखवता मातीच्या गड्ड्यासकट मोठ्या कुंडीत सरकवा, वर दोन इंच वाळक्या पानांचं आच्छादन घाला, आणि पाणी सकाळी ऑफिसला निघण्याआधी, थोडं थोडं पण रोज. बोट दोन इंच मातीत खुपसायचं, ओलं लागलं तर त्या दिवशी नाही घालायचं. डाग पडलेली फळं काढून टाका, ती सुधारत नाहीत, पण सडली नसतील तर डाग कापून बाकीचा टोमॅटो खुशाल खा. पुढच्या घोसात फरक दिसेल.

प्रश्न : मिरचीची पानं गोळा होतायत. बोकड्या म्हणतात तेच का? काय मारू?

उत्तर : हो, पानं अशी आकसली की त्याला बोकड्याच म्हणतात, पण कारणं वेगवेगळी असतात. पानं वरच्या बाजूला वळून वाटीसारखी होतायत की खाली वळून उलट्या होडीसारखी, हे आधी बघा. वर वळत असतील तर बहुतेक फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. शेंड्याखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, पिवळसर बारीक रेघा चालताना दिसतील. खाली वळून देठ लांबलेले असतील तर कोळी, म्हणजे माइट ही बारीक कीड (घरातला जाळंवाला कोळी नव्हे), तो डोळ्याला दिसतच नाही जवळजवळ. दोन्हींना सुरुवातीलाच गाठलं तर पानांच्या खालून जोरात पाण्याचा फवारा आणि आठवड्यातून एकदा नीमतेल (लिटरभर पाण्यात ५ मिली, साबणाच्या पाण्याचे काही थेंब घालून, संध्याकाळीच, कारण उन्हात पानं भाजतात) एवढ्यावर बरंचसं आटोक्यात येतं. पण पानं लहान, पिवळी, सुरकुतलेली होऊन झाड खुंटलं असेल आणि हलवल्यावर पांढऱ्या माश्या उडत असतील तर तो व्हायरस असायची शक्यता जास्त, त्याला औषध नाही. ते झाड उपटायचं. मला माहितीये जीवावर येतं, पण शेजारच्या मिरच्या वाचवायच्या असतील तर दुसरा मार्ग नाही.

प्रश्न : वालाच्या शेंड्यांवर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) आलाय आणि आता त्यातच काळे, केशरी ठिपक्यांचे काटेरी किडे फिरताना दिसतात. दोन्हींना एकच स्प्रे चालेल का?

उत्तर : थांबा, स्प्रे खाली ठेवा! ते काटेरी किडे म्हणजे लेडीबर्डची, ज्याला ढालकिडा म्हणतात त्याची पिल्लं. मोठा ढालकिडा लालचुटुक, गोल, सगळ्यांना ओळखता येतो, पण पिल्लू चिमुकल्या मगरीसारखं दिसतं आणि त्या दिसण्यापायी हकनाक मरतं. मी बाग सुरू केल्यावर दुसऱ्या वर्षी एका सकाळी बसून असे वीसपंचवीस किडे वेचून चिरडले होते, आपण झाड वाचवतोय अशी माझी पक्की समजूत. आठ दिवसांत मावा दुप्पट झाला. नंतर एकदा भिंग घेऊन बघत बसले तर एक पिल्लू एका मागून एक मावा पकडून, शोषून, रिकामं साल टाकून पुढे सरकत होतं, तेव्हा मला जे वाईट वाटलं ते अजून विसरलेले नाहीये. एकेक पिल्लू मोठं होईपर्यंत मावा शेकड्यांनी खातं. पानाखाली उभ्या पिवळ्या अंड्यांचे पुंजके दिसले तर तेही राहू द्या.

मुंग्यांकडे मात्र लक्ष द्या, माव्याच्या अंगातून गोड चिकटा येतो त्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. मुंग्यांची वाट बंद करा, फारच लडबडलेला शेंडा तेवढा खुडून टाका आणि आठवडाभर वाट बघा. एक अपवाद सांगून ठेवते, वांग्यावर पिवळी काटेरी पिल्लं दिसली आणि पानांची जाळी झाली असेल तर तो याच कुळातला पण पानं खाणारा किडा, ती वेचून साबणाच्या पाण्यात टाकायची.

प्रश्न : धणे पेरून आठ दिवस झाले, काहीच उगवलं नाही.

उत्तर : अजून आठवडा द्या, कोथिंबीर उशिरा उगवते. पुढच्या वेळी धणे हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि कायमच्या जागीच पेरा, रोप उपटून लावलेलं तिला सोसत नाही. कडक उन्हात ती लगेच फुलावर जाते, सावली करा.

प्रश्न : तीन वर्षं झाली. वांगी, भेंडी, टोमॅटो सगळं लावून बघितलं, झाडं उंच होतात, बारीक राहतात आणि फळ नाही. घरचे म्हणतात सोडून दे आता. खरंच सोडू का?

उत्तर : नका सोडू. उंच आणि बारीक म्हणजे झाड उजेड शोधत वर पळतंय, तुमच्या हातात काही खोट नाहीये. एक दिवस सुट्टी बघून दर तासाला त्या जागी थेट ऊन आहे का तेवढं लिहून ठेवा. फळभाज्यांना सहा ते आठ तास लागतात. तुमच्याकडे तीनचारच भरत असतील (मला तसंच वाटतंय) तर तिथे वांगं कधीच खुश होणार नाही, मग कितीही जीव लावा, पण मेथी, पालक, कोथिंबीर येते त्यात. आणि उन्हाची जागा वर्षभर सरकत असते, तेव्हा हा तक्ता चार महिन्यांनी परत करा, कदाचित एखाद्या कोपऱ्यात मिरचीपुरतं ऊन सापडेल.

या आठवड्यात सहा इंच खोल, पसरट काहीतरी घ्या, खाली भोकं पाडा, मेथ्या रात्रभर भिजवून पेरा, वर अगदी पातळ मातीचा थर आणि हाताने पाणी शिंपडा. चारपाच दिवसांनी सकाळी बघाल तर मातीची पापडी उचलून, मान वाकवून कोंब वर येत असतील. आले की मला लिहा, किती तास ऊन भरलं तेही लिहा, मग पुढचं ठरवू.