प्लॅटिनमऐवजी कॅथोडला काय लावू?

धुळ्यात बीएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मायक्रोबियल फ्युएल सेल (जिवाणूंकडून वीज मिळवणारा सेल) करताय, प्लॅटिनम परवडत नाही, मग फेरिसायनाइड हा स्वस्त कॅटलिस्ट (स्वतः न संपता क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) चालेल का, की केळीच्या खांबाचा कोळसा, असं विचारलंय.

फेरिसायनाइड कॅटलिस्टच नाही! यावरून प्रदर्शनांत परीक्षकांशी माझं कितीदा वाजलंय. ते स्वतः इलेक्ट्रॉन घेतं, फेरोसायनाइड होतं आणि संपतं. द्रावण फिकट पडलं की व्होल्टेज उतरलंच. व्होल्टेज बघून बक्षीस देणाऱ्यांना हे दिसत नाही. तुम्हाला कॅथोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन येऊन पोचतात त्या टोकाला, हवेतल्या ऑक्सिजनचं पाणी करायचंय. न्यूट्रल पीएचला नेमकं तेच रखडतं.

नारळाच्या करवंटीची अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन पावडर घ्या. १.२ ग्रॅम पावडर, ६० टक्क्यांचं पीटीएफई (टेफ्लॉन) इमल्शन ०.३३ ग्रॅम, वर थोडं इथेनॉल. मांड्यांच्या कणकेसारखा चिवट गोळा होईपर्यंत मळा. स्टेनलेस स्टीलच्या जाळीवर लाटून दाबा, ८० अंशांवर वाळवा. ३ सेंमी व्यासाच्या सहा चकत्या निघतात. कार्बनची बाजू पाण्याकडे. हवेच्या बाजूला पीडीएमएस सिलिकॉनचे दोन पातळ हात. ते जाड झाले तर ऑक्सिजन अडतो, राहून गेले तर सेल पाझरतो.

केळीच्या कोळशात पोटॅशची राख भरपूर. ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढून, पाणी न्यूट्रल येईपर्यंत धुवा. कमी आचेवरचा कोळसा वीज नीट वाहत नाही आणि अ‍ॅक्टिव्हेट न केलेल्याला छिद्रंही कमीच. म्हणून जळगावच्या केळीचा अभिमान बाजूला ठेवून आधी विकतच्या पावडरीवर सेल चालवा, मग तुलना करा.

महिन्या-दोन महिन्यांत व्होल्टेज घसरलं की लोक कॅटलिस्टला शिव्या देतात. चकती काढून बघा: पाण्याच्या बाजूला बुळबुळीत थर, त्याखाली पांढरा क्षार. कॅथोडपाशी पीएच चढतो, त्यात बोअरचं जड पाणी. थर खरवडा, क्षार सौम्य आम्लाने उतरवा, धुऊन परत बसवा. मे महिन्यात पाणी झपाट्याने उडतं, तेव्हा डिस्टिल्ड पाण्याने पातळी राखा. सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स इलेक्ट्रोड (तुलनेसाठीचा स्थिर व्होल्टेजचा इलेक्ट्रोड) मिळाला तर रेझिस्टर बदलत दोन्ही इलेक्ट्रोड वेगवेगळे मोजा. बऱ्याचदा आजारी अ‍ॅनोडच (जिवाणूंकडचा इलेक्ट्रोड) निघतो.

हां, अ‍ॅनोड तपासताना कॅथोड आड येऊ नये म्हणून फेरिसायनाइड जरूर वापरा. तीव्र आम्लात मात्र टाकू नका, विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. आणि रिपोर्टमध्ये त्याला ‘इलेक्ट्रॉन अ‍ॅक्सेप्टर’ लिहा, परीक्षक काहीही म्हणोत.