फोन नाही, आजी नाही, आणि दोन रात्री बाहेर: पाठवू का मुलाला?

न्यू जर्सीत मुलांचं आणि पालकांचं समुपदेशन करते मी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर आला की हा प्रश्न हमखास येतोच, शाळेची ट्रिप असो, स्काउटचा कॅम्प असो, "ताई, पोरगं कधी घराबाहेर झोपलेलं नाही, पाठवू का?" या वेळची केस जरा वेगळी होती म्हणून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि आईला विचारूनच लिहितेय.

आडनाव 'कर'नं संपणारं, बोलणं पक्कं ठाण्याचं, त्यामुळे अपॉइंटमेंट घेताना मी मनात धरूनच चालले की गणपतीत भेट झाली असेल कुठेतरी. तर नाही, कुटुंब बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून अलिबागकडे ज्यांना शनवार तेली म्हणायचे ते. घरात मराठी, शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या, आणि मुलगा, वय ११, दर रविवारी सकाळी इथल्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, धर्मशिक्षणाच्या शाळेत जातो, आपल्या बालविहारसारखं समजा, हिब्रू अक्षरं, प्रार्थना, सणांच्या गोष्टी. तेराव्या वर्षी बार मिट्झवा असतो, म्हणजे मुलाला धर्माच्या दृष्टीनं मोठा मानायचा विधी, त्याची तयारी.

आता त्या शाळेनं ऑक्टोबरच्या शेवटी सहावी-सातवीच्या मुलांचं निवासी शिबिर ठेवलेलं, शुक्रवार दुपार ते रविवार सकाळ, पेनसिल्व्हेनियात पोकोनोच्या डोंगरात. याला तिकडे शब्बाटोन म्हणतात. फोन पहिल्या दिवशीच जमा, रविवारी परत. मुलगा जाणार नाही म्हणाला. आई म्हणाली, "मला त्याला पाठवायचंय, पण तो नाही म्हणाला तेव्हा मला बरंच वाटलं खरं तर." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

शिबिराचं मला आधी फार कळलं नाही, मला वाटलं सहलच आहे. मग आईनं समजावलं की रविवारच्या दोन तासात शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, फक्त शिकवता येतो, तो असतो शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत, मग मुलांना तो कळणार कधी. आणि इथल्या बऱ्याच घरात तो पाळलाच जात नाही, म्हणून हे लोक मुलांना उचलून दोन दिवस एकत्रच ठेवतात. जेवण झाल्यावर टेबल बडवत गाणी, जंगलात चालता चालता गोष्टी, वही-पेन काही नाही कारण शब्बाथला लिहायचं नसतं. अमेरिकेत हे जुनं आहे, रामाह नावाचा उन्हाळी कॅम्प १९४७ साली विस्कॉन्सिनमध्ये सुरू झाला, रिफॉर्म पंथाचा पहिला कॅम्प १९५२ चा, आणि आज मोठी झालेली कितीतरी माणसं सांगतात की वर्गातलं सगळं विसरलो, कॅम्पातली गाणी लक्षात आहेत.

असो. मुलाला एकट्याला भेटले. "भीती वाटते का" असं मी विचारत नाही, मुलं एकतर नाही म्हणतात नाहीतर पालकांना हवं ते म्हणतात. मी विचारते, शुक्रवारी बसमध्ये बसलास, तिथे पोचलास, आता मला एकेक तास सांग. त्यानं सांगितला. बस ठीक, जेवण ठीक, एका मुलानं रविवारच्या वर्गात "तू खरंच ज्यू आहेस का, तसा दिसत नाहीस" असं विचारलेलं, ते सांगताना जरा थांबला पण तेही "तो तसाच आहे" म्हणून सोडून दिलं (ते आम्ही नंतर शाळेच्या मुख्य बाईंच्या कानावर घातलंच). गाडी अडली ती साडेनऊला. झोपायला दिवे बंद केल्यावर काय, तर गप्प.

साडेनऊला काय होतं घरी? आजीचा व्हिडिओ कॉल. आजी ठाण्याला, तिकडे सकाळचे सात, मागे कुकरची शिट्टी, आणि दोघं मिळून झोपायच्या आधीचा शेमा, म्हणजे ज्यूंची सगळ्यात महत्त्वाची प्रार्थना, म्हणतात, उजवा हात डोळ्यांवर ठेवून. चार वर्षाचा असल्यापासून. बेने इस्राएल लोक सांगतात की कोकणात कित्येक पिढ्या बाकीचं हिब्रू विसरलं तरी शेमा विसरला नाही, तर हा तोच शेमा, आता न्यू जर्सी-ठाणे चालू आहे.

म्हणजे भीती जंगलाची नव्हती, अंधाराची नव्हती, दोन दिवसांचीही नव्हती. अर्ध्या तासाची होती.

मी लगेच हुशारी करायला गेले. म्हटलं, शाळेला सांगू की याला तेवढा पाच मिनिटं फोन द्या. मुलगा माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "आंटी, शुक्रवारी आजी फोन घेतच नाही, तिकडे शनिवार असतो ना." शब्बाथ! मला कळायला हवं होतं. मग मी विचारलं, मग दर शुक्रवारी तू काय करतोस? "एकटाच म्हणतो. आई दाराबाहेर उभी असते. तिला वाटतं मला माहीत नाही."

म्हणजे बघा, आठवड्यातली एक रात्र हा पोरगा आजीशिवाय काढतच होता, आणि ते कुणी मोजलंच नव्हतं, त्यानंही नाही. पालकांना माझं सांगणं असतं की मूल जे करू शकत नाही त्याची यादी आपल्याकडे पाठ असते, जे आधीच करतंय ते बघा जरा.

राहिला शनिवार. तो प्रश्न आजीनंच सोडवला. म्हणाली, "शनिवारी रात्री तुझी रात्र, माझी रविवारची सकाळ. मी इथे सातला म्हणते, तू तिथे म्हण. फोन कशाला लागतो त्याला?" खरं तर त्या सेशनची फी आजीला द्यायला हवी होती.

आता आई. तिनं मुलाला एक वचन देऊन ठेवलेलं, "नाही करमलं तर रात्री कितीही वाजता सांग, बाबा गाडी घेऊन येतील." हे जवळजवळ सगळेच पालक करतात, प्रेमानंच करतात, आणि यानं होतं उलटं. मुलाला ऐकू येतं की आईलाच खात्री नाही, आणि मग तो तिथे रमायच्या ऐवजी आत्ता सांगू का नंतर सांगू याचाच हिशेब करत बसतो. त्याऐवजी म्हणा की आठवण येईल, सगळ्यांना येते, आली की या माणसाला सांग, आणि त्या माणसाचं नाव आधीच माहीत हवं. इथे मुलांच्या खोलीत एक मद्रिख असतो, म्हणजे आपला दादा, सतरा वर्षाचा. त्याला आधी एकदा भेटवलं. आणि एक रात्र मावसभावाकडे झोपून आला, सराव म्हणून.

पण आईची भीती याहून मोठी होती आणि ती तिसऱ्या भेटीत बाहेर आली. २००८ ला ती ठाण्यात कॉलेजात होती. २६ नोव्हेंबरला मुंबईत नरिमन हाऊसवर, म्हणजे तिथल्या ज्यू केंद्रावर, हल्ला झाला तोपर्यंत तिला ज्यू असण्याची भीती ही गोष्टच माहीत नव्हती, म्हणाली, शेजारी दिवाळीचा फराळ द्यायचे, आम्ही मलिदा द्यायचो, बस. मग ती अमेरिकेत आली आणि २७ ऑक्टोबर २०१८ ला, शब्बाथच्या सकाळी, पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जणांना मारलं. शिबिर ऑक्टोबरच्याच शेवटी. "इतकी ज्यू मुलं एका ठिकाणी," एवढंच म्हणाली.

यावर "काही होत नाही हो" म्हणणं मला खोटेपणा वाटतो. मी नाही म्हटलं. आम्ही कागद घेतला आणि शाळेला विचारायचे प्रश्न लिहिले. गेटवर कोण, रात्री गेट बंद असतं का, मुलांच्या खोलीजवळ मोठी माणसं किती आणि एकटं मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर राहणार नाही असा नियम आहे का, औषध कोण देतं, काही झालं तर आम्हाला कोण आणि किती वेळात कळवतं. शाळेनं सगळ्याची उत्तरं नीट दिली, राग न मानता. शाळा राग मानत असेल तर मी तरी पाठवू नका म्हणेन. उरलेली भीती आईची आहे, ती माझ्याकडे आणायची, मुलाच्या बॅगेत भरायची नाही.

मुलगा गेला. शुक्रवारी रात्री अकराला आईनं इमर्जन्सी नंबर लावलाच, कुणीतरी जाऊन बघून आलं, म्हणाले झोपलाय. तो नंतर म्हणाला, झोपलो नव्हतो, डोळे मिटून पडलेलो, आणि थोडं रडलोही. दादा खाली जमिनीवर बसलेला.

शनिवारी तारे दिसल्यावर मैदानात हावदाला झाला, म्हणजे शब्बाथला निरोप, वेणीसारखी मेणबत्ती, लवंग-दालचिनीचा डबा हातोहात फिरतो. आणि मग सगळ्यांनी गायला घेतलं 'एलियाहू हानावी', म्हणजे एलिया प्रेषिताचं गाणं. आता हे तर याच्या घरचं! बेने इस्राएलांकडे काही शुभकार्य असलं, नवस फेडायचा असला की पोहे, खोबरं, फळं घालून मलिदा करतात आणि एलियाहू हानावीचंच नाव घेतात. चाल वेगळी होती पण शब्द याला सगळे पाठ. ज्यानं वर्गात तो प्रश्न विचारलेला त्यानं विचारलं म्हणे, तुला कसं येतं? यानं मलिद्याचं सांगितलं. त्यांना पोहे काय तेच माहीत नाही, यावर परतीच्या गाडीत अर्धा तास बोलला आणि मग झोपला तो घरापर्यंत.

परवा आईचा मेसेज होता, शुक्रवारी ती अजूनही दाराबाहेर उभी राहते. मी लिहिलं, राहा की.