पहिली सिडनी-होबार्ट? आधी एवढं सांभाळ

अभिनंदन! सिडनी ते टास्मानियातलं होबार्ट, अशा 628 सागरी मैलांच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत पहिल्यांदाच क्रूमध्ये जागा मिळाली, हे काही थोडं नाही. शिडांच्या बारीकसारीक ट्रिमच्या (वाऱ्याप्रमाणे शिडं जुळवण्याच्या) मागे आत्ताच लागू नकोस, ते पुढच्या वर्षी.

- बोट लागू नये म्हणून गोळी शर्यत सुटते त्या 26 डिसेंबरच्या सकाळीच घे. ओकाऱ्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. सरावाला एकदा घेऊन बघ, काहींना तिने भयंकर झोप येते.
- तुला बोटीला बांधून ठेवणाऱ्या हार्नेसचा पट्टा केबिनच्या पायरीवर असतानाच अडकव, मगच डेकवर पाय ठेव. नवखे नेमके इथेच चुकतात, 'दोन मिनिटांचं तर काम' म्हणून. 1998च्या वादळात या शर्यतीत सहा जण गेले.
- डेकवरच्या कामाची पाळी संपली की गप्पा न मारता झोप. ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियामधल्या बास सामुद्रधुनीत दक्षिणेचा वारा भडकला की डोळा लागेलच असं नाही.

आणि आपल्या पाळीला पाच मिनिटं आधी वर ये. पहाटे चारला ओलाचिंब, कुडकुडणारा माणूस तुझीच वाट बघत असतो. उशिरा येणाऱ्याला क्रू विसरत नाही. हातात त्याच्यासाठी गरम चहा असेल तर तू निम्मा त्यांच्यातला झालासच.

शेवटच्या टप्प्यात, डेरवेंट नदीत, रात्री वारा पडतो, होबार्ट समोर दिसत असतं आणि बोट हलत नाही. तिथे सगळेच चिडतात, मनावर घेऊ नकोस.